पहिल्या धड्यातला आवाज

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे — चांगली आली, पुन्हा पुन्हा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. विषय बदलणं मला फार छान जमतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि हे वाचताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला दिसणार नाही. बघा, सुरुवातच पळवाट काढून झाली.

माझं काम सांगायला सोपं आहे. मी मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन कोर्स बनवते. नवीन पनवेलला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, खाली दातांचा दवाखाना. कुणाला गोदामातल्या कामगारांना सुरक्षितता शिकवायची असते, कुणाला बचत गटाच्या बायकांना बँकेचे व्यवहार. ते विषय आणून देतात, आम्ही त्याचे धडे करतो — मोबाइलवर चालतील असे, छोटे, हातात काम आलं की थांबवता येतील असे. हल्ली मला नव्या मुलामुलींसमोर बोलायलाही उभं करतात. मॅडम, मोठ्यांसाठीचा कोर्स चांगला कसा करायचा ते सांगा. आणि मी सांगते. मोठं माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही, अख्खं आयुष्य घेऊन येतं. त्याला व्याख्या विचारू नका, प्रसंग विचारा. चुकलं तर स्क्रीनवर भली मोठी लाल फुली दाखवून त्याची शोभा करू नका. मग येतं ते माझं हुकमी वाक्य — शिकणाऱ्याला त्यात आपल्या माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. मुलं माना डोलवतात, लिहून घेतात. मी पाण्याची बाटली उघडते आणि उगाचच बराच वेळ पाणी पीत राहते.

ते वाक्य मला एका बाईंमुळे कळलं. त्या बाईंचं मी काय केलं, ते सांगायचंय. पण आधी कोर्सचं सांगते — नाही, टाळत नाहीये. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका संस्थेला घरच्या घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या बायका तयार करायच्या होत्या. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे — सगळीकडे म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं परदेशात. त्यांना सांभाळायला बायका हव्यात, आणि आजूबाजूच्या गावांत काम शोधणाऱ्या बायका आहेत. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, पाणी पाजताना ठसका लागला तर काय — असे धडे. मी जीव ओतून लिहिले. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले. माझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात. स्वच्छ, शुद्ध, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा.

मग पळस्प्याच्या पुढे एका समाजमंदिरात बायकांना गोळा करून आम्ही कोर्स दाखवून बघितला. बायकांनी निमूट ऐकलं. कसा वाटला विचारल्यावर एकसुरात म्हणाल्या, "चांगला हाय, मॅडम." आणि फोन पिशवीत ठेवून चहाकडे वळल्या. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला ते 'चांगला हाय' ओळखता येतं. लहान मूल कंटाळलं की रडतं. मोठं माणूस कंटाळलं की तारीफ करतं आणि परत येत नाही.

तिथं मागच्या रांगेत सुगंधाताई बसल्या होत्या. उरणजवळच्या मोरा बंदराच्या. पूर्वी जेट्टीवर मासळी विकायच्या. मग नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि तो वारेपर्यंत त्याचं अंथरुणातलं सगळं त्यांनीच केलं. गरीब, लाजरी बाई डोळ्यांसमोर आणू नका. सुगंधाताई म्हणजे ठसका. अंबाड्यात अबोलीचा गजरा, कानात भोकरं, आणि आवाज असा की समाजमंदिराच्या बाहेर रिक्षावाल्यानं वळून बघावं. त्या एकट्या 'चांगला हाय' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तू जी बोलतेस ना मॅडम, ती डॉक्टरीण वाटतेस. डॉक्टरणीला आमी हो हो बोलतो आन घरी येऊन आपल्या मनाचा करतो."

आणि मग शेजारच्या बाईला माझाच धडा त्यांनी सांगून दाखवला. तोच मजकूर, त्यांच्या बोलीत. "बाय, घाबरू नको. आजाऱ्याला वलवताना त्याचा आंग जड लागंल. जड लागला तरी वढायचा नाय. तुजा गुडगा हाय ना गादीवर? त्याच्यावर जोर दे." चहाकडे गेलेल्या बायका परत आल्या. एकीनं विचारलं, आन तो रागावला तर? दुसरी म्हणाली, माझा सासरा तर थुकतो. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोर्स तिथं सुरू झाला होता — माझ्याशिवाय.

मला हेवा वाटला का? वाटला. पण आनंदही खूप झाला, खोटं कशाला बोलू. मी त्यांना तिथल्या तिथं विचारलं, हे सगळे धडे तुमच्या आवाजात करूया का? त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "नाव टाकशील माझा?" टाकीन म्हटलं.

नाव कशाला हवं होतं, ते मला नंतर कळलं. सुगंधाताई धवलारीण आहेत. आमच्याकडे लग्नात, हळदीला धवले गातात, ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ती आल्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. तर गावोगावी बोलावणं असलेल्या या बाईंना एका घरात मात्र तोंड उघडायची चोरी होती. ते घर त्यांच्या मुलाचं. कामोठ्याला त्याचा फ्लॅट, बायको शिकलेली, एक मुलगा, इंग्रजी शाळेत. सुनेनं सांगून ठेवलं होतं — याच्याशी बोलायचं तर शुद्ध बोला, नाहीतर बोलू नका, त्याला तुमचं 'नाय' आणि 'हाय' लागतंय. मुलगा गप्प. सुगंधाताई हे हसत हसत सांगत होत्या. "तिथं मी गेली का टीवी बगून येते गो. पोराला नुसती पापी देते, पापीला काय भाषा नसते." आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "पन हा माझा आवाज मोबाइलमदी आला, कोर्समदी, नावासकट — मंग बगू काय बोलतात."

कळलं ना, त्यांच्यासाठी काय पणाला लागलं होतं? मलाही कळलं होतं. नीट, स्पष्ट कळलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

रेकॉर्डिंग आम्ही ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या खोलीत केलं. खिडकीला गोधड्या लावलेल्या, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. घामाच्या धारा. सुगंधाताई गजरा सारखा करून माइकसमोर बसायच्या आणि धडा माझ्याकडून एकदा ऐकून आपल्या तोंडानं सांगायच्या. 'रुग्णास' गेलं, 'आजाऱ्याला' आलं. 'काळजीपूर्वक' गेलं, 'जपून गो' आलं. मध्ये एकदा त्या अडखळल्या आणि मी हेडफोन लावून, डोळे मिटून, तंद्रीत बोलून गेले — "नाय गो, परत बोल."

त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर असं काही हसू — लग्नाच्या गर्दीत हरवलेलं आपलं माणूस सापडावं तसं. "तू आमच्यातली हायस? कंच्या गावची गो तू?"

मी नेऱ्याची आहे. डोंगराखालच्या नेऱ्याची, आगऱ्यांची. आमची भाताची खाचरं होती, आता तिथं कुणाकुणाची फार्महाउसं आहेत. माझी आई अजून 'नाय' म्हणते, 'पानी' म्हणते, आणि तिचा फोन आला की मी ऑफिसच्या गॅलरीत जाऊन दार लावून बोलते. पनवेलच्या शाळेत पाचवीत आले तेव्हा बाईंनी उभं करून 'नाही' म्हणायला लावलं होतं, आणि माझा 'ह' येईपर्यंत वर्ग हसला होता. पण ते मी कारण म्हणून सांगत नाहीये. त्याच वर्गात माझ्याच गावची आणखी एक मुलगी होती. तिच्यावरही हसले. ती आज त्याच बोलीत चार माणसांसमोर ताठ मानेनं बोलते. तेव्हा शाळेला मध्ये आणायला नको.

मी सुगंधाताईंना म्हणाले, "नाही हो. मी इथलीच, पनवेलची. ऐकून ऐकून येतं थोडंफार." त्यांनी मान हलवली. हसू गेलं नाही पण जरा आत गेलं. आणि आम्ही पुढचा धडा घेतला.

आता ती मीटिंग. संस्थेचे साहेब आले होते, आणि आमचा निनाद — तो चित्रं हलवतो, ॲनिमेशन करतो, मुलगा वाईट नाही. मी पहिला धडा लावला. सुगंधाताईंचा आवाज खोलीभर झाला. "बाय, घाबरू नको..." आणि निनादनं फसकन हसू सोडलं. म्हणाला, "आता कोळीनृत्य सुरू होणार का?" एवढंच. एका मुलाचा एक फालतू विनोद. त्याला तिथंच गप्प करता आलं असतं. नुसतं रोखून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

मी हसले. त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसले. आणि माझ्या तोंडून वाक्य आलं — "अरे, हा तात्पुरता आवाज आहे. नुसता अंदाज घ्यायला. फायनल शुद्ध भाषेत आहे, माझ्या आवाजात."

साहेब काय म्हणाले ऐका. म्हणाले, "का हो? मला तर हा बरा वाटला. बायकांना जवळचा वाटेल. बघा, तुम्ही त्यातल्या जाणकार."

म्हणजे कुणी काढायला सांगितलं नव्हतं. ठेवा, असंच जवळपास म्हटलं होतं. आणि मी — जाणकार — म्हणाले, "नाही सर, लोक अशा कोर्सला सिरियसली घेत नाहीत. दर्जा दिसला पाहिजे." का म्हणाले? मला वाटत होतं की आणखी एक मिनिट तो आवाज त्या खोलीत राहिला तर कुणीतरी माझ्याकडे वळून बघेल आणि ओळखेल. मी लॅपटॉप मिटला. संध्याकाळी सुगंधाताईंच्या सगळ्या फाइली उडवल्या, नंतर कचऱ्याच्या डब्यातूनही उडवल्या. माझ्या जुन्या, स्वच्छ आवाजातले धडे चढवायला दिले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ही नेहमीची गोष्ट झाली असती. माणसं रोज याहून वाईट वागतात, नाही का? पण हे अजून ते नाही. ते पुढे आहे.

सुगंधाताईंचे फोन यायला लागले. कवा येनार गो? आला का मोबाइलवर? मी आज-उद्या करत राहिले. शेवटी एकदा म्हणून टाकलं की रेकॉर्डिंग खराब झालं, फाइलच उघडत नाही, आमचीच चूक. मला वाटलं, बाई चिडतील, दोन शिव्या घालतील, सुटले मी. त्या म्हणाल्या, "जाऊदे गो. मशीन हाय, बिघडायचाच. मी येते परत."

नको म्हणाले. वेळ नाही म्हणाले. आणि एक दिवस दुपारी त्या दारात उभ्या. हळदीला नेसतात ती साडी, ताजा गजरा, हातात सुक्या जवळ्याची पिशवी माझ्यासाठी. मोऱ्याहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत निनाद बसला होता. त्यानं मान वर करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. जवळ्याचा वास ऑफिसभर सुटला होता.

काय करायला हवं होतं? खाली नेऊन चहा पाजून सांगायला हवं होतं — सुगंधाताई, तुमचा आवाज मी काढला. मीच. दोन मिनिटांचं काम. मग त्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं असतं. पण निनादसमोर त्या मोठ्यानं बोलल्या असत्या, आणि बोलता बोलता — मला ही भीती होती, हसा हवं तर — त्या म्हणाल्या असत्या, 'आन तू तर आमच्यातलीच हायस.'

मी त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. दार लावलं. माइक त्यांच्या तोंडासमोर आणला, उंची ठीक केली. हेडफोन घातले. स्क्रीन माझ्या बाजूला होता, त्यांना दिसत नव्हता. बोट वर करून खूण केली — सुरू.

रेकॉर्डिंग मी सुरू केलंच नव्हतं. माइकची वायर यंत्राला लावलेलीसुद्धा नव्हती. ती टेबलाखाली लोंबत होती.

त्या बोलायला लागल्या. बाय, घाबरू नको. पहिला धडा. दुसरा. पंखा बंद होता — तो बंद ठेवायची आता काही गरज नव्हती, पण चालू केला असता तर त्यांना शंका आली असती, म्हणून मी तो बंदच ठेवला. त्यांच्या गळ्यावरून घाम वाहत होता. मधे मधे पदरानं पुसत होत्या आणि पुन्हा नीट बसत होत्या. पहिल्यापेक्षा सुंदर बोलत होत्या. नवऱ्याचं सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं — शेवटी शेवटी तो पाणी नको म्हणायचा तेव्हा त्या बोट ओलं करून त्याच्या ओठांवरून फिरवायच्या, आणि त्याला वाटायचं पाऊस आला. हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. आणि मी —

मी त्यांना थांबवलं. म्हणाले, "इथं जरा श्वास आला. परत घ्या."

परत घ्या, म्हणाले. काहीच घेतलं जात नव्हतं. तरी मी त्यांना ते नवऱ्याच्या ओठांचं पुन्हा सांगायला लावलं. का? खरं वाटावं म्हणून. नेहमी मी एक-दोनदा थांबवते, तेव्हा आजही थांबवायला हवं. त्यांनी परत सांगितलं. दुसऱ्यांदा रडू आलं नाही, सावरून बोलल्या. मी अंगठा दाखवला. छान.

उठताना घसा बसला होता त्यांचा. घोगऱ्या आवाजात विचारलं, "या वेळी आला ना गो?" मी म्हटलं, "आला. एकदम मस्त आला." त्यांनी दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून कडाकडा बोटं मोडली. जवळा आठवणीनं भाजून खा म्हणाल्या.

कोर्स सुरू झाला. माझ्या आवाजात. काही दिवसांतच दिसायला लागलं की बायका दुसऱ्या धड्यापाशी गळताहेत. संस्थेनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, गावांत नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

एका रविवारी सुगंधाताईंचा फोन आला. मागे कामोठ्याच्या घरातले आवाज येत होते, टीव्ही, लहान मुलाचं काहीतरी. त्या मुलाकडे गेल्या होत्या. सगळ्यांना समोर बसवून त्यांनी पहिला धडा लावला होता. ऐका म्हणाल्या होत्या, कोन बोलतो बगा. आणि मी बोलले होते.

फोनवर त्या ओरडल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "बाय, ही तर तू हायस."

अजूनही वेळ गेली नव्हती. त्या घरात, त्या क्षणी, मी खरं सांगितलं असतं तर निदान त्यांना सुनेसमोर म्हणता आलं असतं की बाई खोटारडी निघाली. त्यांचं तोंड तरी राहिलं असतं. मी घरच्या गॅलरीत गेले, दार लावलं, आणि म्हणाले, "सुगंधाताई, काय झालं माहितीये का, सिस्टीमनं तुमचा आवाज घेतलाच नाही. शुद्ध भाषा असेल तरच घेते ती. आम्ही खूप प्रयत्न केला."

मग म्हणाल्या, "मशीनला पन आमी चालत नाय काय." विचारल्यासारखं नाही, नुसतं. आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. मी केला नाही. जवळ्याची पिशवी ऑफिसच्या कपाटात राहून गेली आणि मग साफसफाईच्या मावशींनी टाकून दिली. कोर्सला कौतुकाची पाटी मिळाली, ती भिंतीवर आहे. मी बढती घेतली, बोलायला जायला लागले, आपल्या माणसाचा आवाज वगैरे सांगायला लागले.

गेल्या वर्षी त्या भेटल्या. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, दुपारची वेळ. आधी मी ओळखलंच नाही. गजरा नव्हता. साधी पिनअप केलेली साडी, हाताशी गणवेशातला मुलगा, त्याचं दप्तर यांच्या खांद्यावर. मुलगा रस्त्याकडे ओढत होता आणि त्या त्याला सांगत होत्या, "घाबरू नका. सावकाश चला. डावीकडे बघा, मग उजवीकडे."

शब्द तर माझे होतेच, पण चालही माझी होती. 'सावकाश' मध्ये मी 'व' वर जरा थांबते, तशा त्या थांबल्या. वाक्याच्या शेवटी मी आवाज खाली सोडते, तसा त्यांनी सोडला. तो माझा आवाज होता, त्यांच्या गळ्यातून आलेला.

त्यांनी मला बघितलं आणि चेहरा उजळला. खरंच उजळला. "नमस्कार, मॅडम. आपण ओळखलंत का मला?" मी काहीतरी म्हणाले. त्या सांगत होत्या, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा — "आपला कोर्स मी संपूर्ण ऐकला. रोज ऐकत होते. सगळे धडे पाठ आहेत मला. आपण बोलता तसं घरी बोलून बघायचे. आता सूनबाई काही म्हणत नाही. याला शाळेतून मीच आणते." 'नाही' म्हणताना त्यांनी 'ही' वर थोडा जास्तच जोर दिला, ओठ ताणून.

मी म्हटलं, "आणि धवले? जाता ना अजून?"

त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं. "ते मी सोडलं, मॅडम. तिथे सगळं फार अशुद्ध चालतं."

मुलानं विचारलं, "आजी, धवले म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "काही नाही, बाळा." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. भर रस्त्यात, दप्तर सावरत. "आपले फार उपकार आहेत माझ्यावर."

हे त्यांच्या भल्याचंच झालं, असं तुम्ही म्हणाल. नातू मिळाला ना शेवटी? मीही घरी जाऊन हेच स्वतःला सांगून बघितलं. ते काही पटलं नाही.

आणि तिथं, त्या स्टँडसमोर, मला दोनच वाक्यं बोलायची होती. सुगंधाताई, मी नेऱ्याची हाय. त्या दिवशी माइक बंद होता. दोन्ही वाक्यं जिभेवर होती, आमच्या बोलीत, आईशी गॅलरीत बोलते त्या बोलीत. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "अहो, उपकार कसले? आनंदच आहे." शुद्ध, स्वच्छ. त्यांनी मान लववली, मुलाचा हात धरला आणि डावीकडे बघून, मग उजवीकडे बघून रस्ता ओलांडला.